उपवास मोडला म्हणून प्रार्थना वाया जात नाही

म्हापशातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेंतबद्दल, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाबद्दल, फिरतंय: ‘लेंतमध्ये चाळीसही दिवस उपवास केला नाही, तर प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही.’ साफ चूक. कॅथलिक नियमानुसार सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार (लेंतचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे; तेही १८ ते ५९ वयाच्यांना, आजाऱ्यांना सूट. (रविवार तर त्या चाळिसांत धरतच नाहीत.) शेजारची ७४ वर्षांची मावशी मेसेज वाचून डायबेटिसच्या गोळीवरचा पावही सोडून बसली होती!

प्रार्थनेतून मिळणाऱ्या बळाचं म्हणाल, तर क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथसेमनीच्या बागेत येशूनं गुडघे टेकून प्रार्थना केली तेव्हा दूतानं त्याला शक्ती दिली, असं बायबलमध्ये लूक सांगतो. आणि येशू नुकताच जेवून उठला होता.

मावशी आता पाव खाऊन शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग आठवत करायच्या प्रार्थनेला, येते. त्या प्रसंगांची चौदाही स्थानकं, बाकावर बसून.