‘टर्बोनंतर बसवा आणि शंभर मिळवा’: या गणितात खोट कुठं आहे

गेले काही महिने कोल्हापूरच्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर गाडीला भोक पाडून घेतल्यावर पाठवला. निरोप थोडक्यात असा: “डिझेल गाडी रिमॅप केली असेल तर ईजीटी मीटर घ्याच. सेन्सर टर्बोनंतर, डाउनपाइपमध्ये बसवा. दिसेल त्या आकड्यात १०० मिळवले की टर्बोआधीचं तापमान मिळतं. मॅनिफोल्डला भोक पाडलं की टर्बो गेलाच समजा. वायर कमी पडली तर साधी तांब्याची जोडा. पेट्रोलवाल्यांनी काटा वर गेला की मिक्श्चर लीन समजावं.”

आधी शब्द समजून घेऊ. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवणं. ईजीटी म्हणजे एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर, बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान. मॅनिफोल्ड हा सिलिंडरमधला वायू गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा भाग, आणि डाउनपाइप ही टर्बोनंतरची नळी. मीटर घ्या, एवढं बरोबर आहे. इंजिनातून बाहेर पडणारा वायू किती तापलाय हे डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा सांगत नाही. पाणी तापायच्या आधीच पिस्टनचं नुकसान होऊन गेलेलं असतं. पुढच्या वाक्यांचं मात्र एकेक करून बघू.

“आकड्यात १०० मिळवा.” टर्बाइन, म्हणजे टर्बोचा वायूच्या वाटेतला भाग, हा पाइपातला नुसता जोड नव्हे. वायूतली उष्णता आणि दाब खाऊनच तो चाक फिरवतो. जितकं जास्त काम, तितकी तापमानात मोठी घट. टर्बोआधी ७०० अंश सेल्सिअस आहे आणि टर्बाइनची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरा. दाब पुढे निम्म्यावर येत असेल तर घट साधारण ११० अंश निघते. तिसऱ्या हिश्शावर येत असेल तर १६०. वर टर्बोच्या आणि पाइपच्या अंगातून हवेत जाणारी उष्णता वेगळीच. गाडी जागेवर सुरू असेल तेव्हा मात्र टर्बाइन जवळजवळ काहीच काम करत नाही, त्यामुळे फरकही किरकोळ असतो. म्हणजे १०० हा आकडा एखाद्याच भाराला जुळतो, आणि नेमका जोर लागतो तेव्हा कमी पडतो.

मी माझ्या जुन्या डिझेलला हट्टानं दोन प्रोब (मीटरच्या सेन्सरच्या सळ्या) बसवले होते, एक टर्बोच्या आधी, एक नंतर. साखरप्याकडून आंबा घाट चढताना, चौघं बसलेले, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. वरचा, म्हणजे टर्बोआधीचा आकडा ७०० ला टेकला तेव्हा खालचा ५४० वर निवांत होता. निरोपाप्रमाणे ५४० अधिक १०० म्हणजे ६४०, म्हणजे अजून दाबा! आणि अशा रिमॅप केलेल्या जुन्या डिझेलला सतत भारावर ७०० च्या आसपास पाय काढावा, हा रूढ अंदाज टर्बोआधीच्या आकड्यावरच बेतलेला आहे. शिवाय मी पाय काढला की वरचा आकडा लगेच उतरायचा. खालचा मात्र रेंगाळत यायचा, कारण मधे टर्बोचं दोन्ही हातांनी उचलावं लागणारं बीड तापून बसलेलं.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या मामेभावाला हा निरोप दाखवला. ते लोक ओतण्याआधी वितळलेल्या धातूच्या रसात थर्मोकपल बुडवून तापमान बघतात, म्हणजे या प्रोबचाच दणकट भाऊबंद. तो म्हणाला, “भावा, आम्ही काय साचा फोडल्यावर मोजून त्यात हजार मिळवतोय काय?”

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये तर या गणिताची पार उलटापालट होते. टर्बोनंतर कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा डबा) आणि काजळी अडवणारा फिल्टर असतो. फिल्टर साफ करायची वेळ आली की जास्तीचं डिझेल सोडून ते कॅटॅलिस्टमध्ये जाळतात आणि वायू ६०० च्या घरात नेतात. प्रोब त्याच्या पुढे लावला असेल तर रंकाळ्याला आरामात फेरी मारतानाही काटा वर चढलेला दिसेल, आणि त्यात तुम्ही १०० मिळवाल. अशा गाड्यांना कंपनीचेच तापमान सेन्सर असतात, बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून ते वाचता येतात. नवी गाडी असेल तर भोक पाडूच नका.

“मॅनिफोल्डला भोक पाडलं की टर्बो गेलाच.” ही भीती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. चुरा आत राहिला तर तो थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाणार. म्हणून मॅनिफोल्ड उतरवूनच भोक पाडायचं. बिडाचा भुसा पडतो, लांब वेटोळी निघत नाहीत. टेबलावर उलटा धरून ठोकला, हवा मारली की साफ. खरा त्रास उतरवण्यातच आहे. वर्षानुवर्षं तापलेले स्टड हमखास तुटतात, ते काढायला लेथवाल्याकडे चकरा होतात, गॅस्केट नवं लागतं. ‘ड्रिलला ग्रीस लावतो, गाडीवरच पाडतो’ म्हणणारा मिस्त्री याच कामातून सुटका शोधत असतो.

माझं पहिलं भोक असंच एकानं गाडीवर पाडलं. चुरा नशिबानं बाहेर आला, पण आटे बिघडवले. या प्रोबचे एक सुती पाइपचे आटे निमुळते असतात, टॅप (आटे पाडायचं हत्यार) शेवटपर्यंत उतरवला की भोक सैल होतं. आठवड्याभरात प्रोबच्या बुडाशी काजळीचं काळं वर्तुळ आलं आणि थंड गाडी सुरू करताना चुकचुक आवाज. उद्यमनगरात मॅनिफोल्ड काढून भोक वाढवलं, आत बुश बसवला, तेव्हा ते मिटलं.

टोक तुटून टर्बोत जाण्याचं म्हणाल तर स्वस्त, उघड्या टोकाचे प्रोब खरंच झिजतात. ते चटकन आकडा दाखवतात, पण टिकत नाहीत. बंद टोकाचा, इन्कोनेलच्या (उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूच्या) नळीचा घ्या. साध्या ३०४ स्टेनलेसची नळी ९०० च्या वर फार दिवस तग धरत नाही. टोक वायूच्या प्रवाहाच्या मधोमध यायला हवं. भिंतीलगत राहिलं तर भिंतीचा गारवा धरून आकडा कमी दाखवेल. वर्षातून एकदा प्रोब काढून टोकाला बोट लावून बघा. खड्डे दिसले तर बदला.

आता नेमकी जागा. हात पोचतो म्हणून पहिल्या सिलिंडरच्या नळीत बसवणारे भेटतात. एका सिलिंडरचा वायू क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, जेमतेम एक तृतीयांश वेळ वाहतो. बाकी वेळ प्रोब शिळ्या वायूत बसलेला, त्यामुळे आकडा खाली ओढला जातो. आणि चौथ्याचा इंजेक्टर गळत असेल तर पहिल्याला पत्ताही लागत नाही. चारही नळ्या एकत्र येतात तिथं, टर्बोच्या फ्लॅन्जच्या अलीकडे, ही जागा धरा. मॅनिफोल्ड आतून दोन भागांत विभागलेला असेल तर एका भागातला प्रोब निम्मेच सिलिंडर बघतो, एवढं लक्षात असू द्या.

“साधी तांब्याची वायर जोडा.” हे प्रोब के-टाइप थर्मोकपल असतात, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. साधी वायर जोडली की मीटर टोक आणि जोड यांच्या तापमानातला फरक वाचतो आणि त्यात स्वतःच्या जागेचं तापमान मिळवतो. बॉनेटखालचा जोड ८० अंशांवर आणि मीटर आत ३० वर असेल तर आकडा सरळ ५० नं कमी. के-टाइपचीच वायर लागते. आणि अमेरिकी पद्धतीच्या वायरीत लाल रंग ऋण असतो! आपला वायरिंगवाला सवयीनं लाल धनला लावतो, मग इंजिन तापेल तसा काटा मागे जातो.

“काटा वर म्हणजे लीन.” लीन म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी, रिच म्हणजे जास्त. डिझेलमध्ये उलटं, जास्त इंधन म्हणजे जास्त ताप. पेट्रोलमध्ये ताप सर्वांत जास्त असतो ते मिक्श्चर नेमक्या प्रमाणाच्या आसपास असताना. तिथून रिच केलं तरी उतरतो, आणखी लीन केलं तरी उतरतो. ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं तरी काटा चढतो. एकट्या या काट्यावर पेट्रोल ट्यून करायला बसू नका, हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा लॅम्डा मीटर लागतोच. विनाटर्बो पेट्रोलला सिलिंडरगणिक प्रोब लावायचे असतील तर सगळे हेडपासून सारख्याच अंतरावर हवेत, एक ३ सेंटिमीटरवर नि दुसरा ८ वर अशी तुलना करून उपयोग नाही.

माझ्या डाउनपाइपचं ते दुसरं भोक आता बोल्ट लावून बंद आहे. ज्यांना दोन्ही आकडे स्वतः बघायचेत त्यांनी प्रोब आणि १७ चा पाना घेऊन यावं, घाटात जाऊ.