जॉर्ज फर्नांडिस : पक्ष मोजून हिशेब लागत नाही

समाजवादी कामगार नेते जॉर्ज फर्नांडिसांबद्दलचा एक मजकूर सतत फॉरवर्ड केला जातो. त्याचा सारांश असा : कामगारांच्या जिवावर मोठा झालेला हा नेता खुर्चीसाठी पक्ष बदलत राहिला, 1974 चा रेल्वे संप फसल्यावर त्याने कामगारांना वाऱ्यावर सोडलं आणि कोकण रेल्वेचं श्रेय फुकटचं लाटलं.

आधी पक्षांचं बघू. संयुक्त समाजवादी, सोशालिस्ट, जनता, लोकदल, जनता दल, समता, जनता दल युनायटेड. यादी लांबलचक आहे खरी. पण 1977 साली अख्खा सोशालिस्ट पक्षच जनता पक्षात विसर्जित झाला, 1988 साली जनता पक्षाचा मोठा भाग जनता दलात गेला, 2003 साली समता पक्ष जनता दल युनायटेडमध्ये विलीन झाला. हीच फूटपट्टी लावली तर त्यांचे समाजवादी सहकारी मधू दंडवतेही दलबदलू ठरतील, आणि तसं म्हणायला कोणाची जीभ धजावणार नाही.

जॉर्जनी स्वतःहून घर सोडलं ते मुख्यतः दोनदा. जुलै 1979 मध्ये लोकसभेत मोरारजी देसाईंच्या जनता सरकारचा जोरदार बचाव केला आणि काही दिवसांतच त्याच सरकारची साथ सोडली. ही कोलांटउडी होती, तिला दुसरं नाव नाही. मात्र खुर्चीसाठी म्हणाल, तर त्यांच्याकडचं उद्योग खातं पुढचे पंतप्रधान चरणसिंग यांच्या मंत्रिमंडळात ब्रह्मानंद रेड्डींकडे गेलं. 1994 मध्ये जनता दलातून फुटून त्यांनी समता पक्ष काढला तेव्हा बिहारमध्ये सत्ता लालूंच्या जनता दलाची होती. पुढच्याच वर्षीच्या बिहार विधानसभा निवडणुकीत समता पक्षाला मिळाल्या अवघ्या 7 जागा. खुर्ची शोधणारा माणूस सत्तेतल्या पक्षातून बाहेर कशाला पडेल?

रेल्वे संपाचा आरोप मला सगळ्यात जास्त झोंबतो. जॉर्ज तेव्हा ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन या रेल्वे कामगार संघटनेचे अध्यक्ष होते. मागण्या होत्या आठ तासांची ड्युटी, बोनस, सार्वजनिक उद्योगांइतका पगार. संप 8 मेला सुरू व्हायचा होता, सरकारने त्यांना 2 मेलाच अटक केली. हजारो कामगार तुरुंगात गेले, संपकऱ्यांच्या बायकापोरांना रेल्वेच्या क्वार्टरमधून सामानासकट बाहेर काढलं गेलं. वीस दिवसांत संप मोडला. हार झाली, पण वाऱ्यावर कोणी सोडलं नाही. 1977 ला जनता सरकार आलं आणि बडतर्फ कामगारांना दंडवत्यांच्या रेल्वे खात्याने परत कामावर घेतलं. बोनसची मागणीही 1979 साली मान्य झाली.

कोकण रेल्वेचं श्रेय त्यांच्या एकट्याचं नाही, हे मान्यच. कोकणातले खासदार नाथ पै आणि दंडवत्यांनी ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती. पण 1990 मध्ये स्वतंत्र महामंडळ काढून, रोखे विकून पैसा उभा करायचा आणि अभियंते ई. श्रीधरन यांच्या हाती काम द्यायचं, हे घडलं ते जॉर्ज रेल्वेमंत्री असताना. गणपतीला सावंतवाडीपर्यंत गाडीने जाणाऱ्याने निदान हे तरी विसरू नये.

जॉर्जना जाब विचारायचाच असेल तर 1996 नंतरचा विचारा. आयुष्यभर समाजवादी म्हणवणारा माणूस भाजपच्या सोबत गेला, आणि गुजरातच्या दंगलीत बायकांवर झालेल्या अत्याचारांबद्दल 30 एप्रिल 2002 ला लोकसभेत बोलताना, हे काही पहिल्यांदा घडत नाही, अशा अर्थाचं बोलला. त्या भाषणाचा बचाव मी करणार नाही.