गिटार आली, आता ‘मले’ म्हणायची लाज सोडा

नागपुरात धरमपेठ, सदर, शंकरनगरच्या कॅफेंमध्ये शनिवारी संध्याकाळी गिटार घेऊन बसलेली पोरं-पोरी आता काही नवलाईची राहिली नाहीत. आवाज बरे असतात, बोटंही साफ चालतात. चार हिंदी गाणी झाली की जरा दबकत सांगतात, “एक माझं स्वतःचं आहे.” मग जे येतं ते एकतर हिंदीत असतं, नाहीतर अशा मराठीत, जी ते पोट्टं घरी-दारी कुणाशीच बोलत नाही. तिसऱ्या ओळीला शेजारच्या टेबलावर गप्पा सुरू होतात. दोष कॅफेवाल्याला आणि ‘नागपुरात सीनच नाही’ या ठरलेल्या वाक्याला दिला जातो. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा शब्द ऐकूच गेलेले नसतात, आणि ते गायकाच्याच हातून बुडालेले असतात.

सुरुवातच उलटी होते. आधी कॉर्ड, मग स्ट्रमिंग, आणि शेवटी त्यात शब्द कोंबायचे. यूट्यूबवर सगळे पहिल्यांदा शिकतात तो ठेका म्हणजे खाली, खाली-वर, वर-खाली-वर. आठाचा हिशेब. ठेका वाईट नाही, पण मराठी शब्द त्यावर ठेवला की भलत्याच ठिकाणी तुटतो. ‘आठवण’ आपण बोलतो ‘आठ्-वण’. गाण्यात ते ‘आ-ठवण’ होतं आणि ऐकणाऱ्याला कळेपर्यंत पुढची ओळ निघून गेलेली असते.

आता हे बघा. ‘मी जातोय’ ही तोंडात तीन अक्षरं, आणि शेवट ‘य’वर बंद. लांब सूर धरायला जागाच नाही. त्याऐवजी आपलं रोजचं ‘मी जाऊन राहिलो’ घ्या: मी-जा-ऊन, रा-हि-लो. बरोबर सहा. दादऱ्याच्या सहा मात्रांत एकही अक्षर न ताणता बसतं, जोर ‘मी’वर आणि ‘रा’वर पडतो, आणि ‘लो’ उघडा असल्यामुळे तिथे हवा तेवढा वेळ थांबता येतं. ज्या ‘मले’वाल्या नागपुरी बोलीला पुण्या-मुंबईत हसतात ती गाण्याला इतकी सोयीची आहे, आणि आपली पोरं मात्र प्रमाण भाषेची इस्त्री करून स्टेजवर येतात! सहाचे चरण मराठीला परकेही नाहीत. मोठ्या अभंगाचा साचाच सहा-सहा-सहा-चार आहे.

यमकाचंही तसंच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकटात मिळतं, आणि फुकटाचं असल्यासारखंच वाजतं. ‘फुटाळ्यावर बसून तुझी वाट पाहतो, पाहता पाहता एक गाणं गातो.’ अशा ओळी तासाला वीस निघतील. क्रियापद आत ढकला: ‘वाट पाहून राहिलो फुटाळ्याच्या काठी, भाजलेलं कणीस गार झालं हाती.’ यमक कच्चं आहे, दुसऱ्या ओळीत एक-दोन अक्षरं जरा ओढावी लागतात, तरी कणीस दिसतं. ‘गार झालं’ म्हटलं की किती वेळ बसला होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

पद्धत साधी आहे. पहिला आठवडा गिटार कपाटात. ओळी नुसत्या बोला, टाळी देत बोला, फोनवर रेकॉर्ड करा. श्वास कुठे तुटतो आणि टाळी आपोआप कुठे पडते तिथे पेन्सिलीने खूण करा. मग गिटार घ्या, पण एका आवर्तनाला एकच स्ट्रोक. शब्द एवढ्यावर उभे राहिले तरच ठेका भरा. आणि पट्टी स्वतःची ठेवा. मूळ गायकाच्या पट्टीत गायचा अट्टहास पोरींना फार महागात पडतो. ओळ खाली गेली की शब्द गेले. तिसऱ्या-चौथ्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे पट्टी चढवणारा चिमटा, लावण्यात कसला कमीपणा? फक्त कॅपो पडद्याला चिकटून लावा आणि लावल्यावर पुन्हा सुरात घ्या, कारण दाबाने तारा थोड्या चढतात.

‘प्रेरणा कोण?’ विचारलं की परदेशातली दोन आणि मुंबईची दोन नावं येतात. ऐका ना, जरूर ऐका. पण पोळ्याच्या झडत्या ऐकल्यात का कधी? दोन-चार ओळींत सावकार, सरकार, पाऊस सगळ्यांची हजेरी घ्यायची आणि शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यापुढे ‘घेऊन जा गे मारबत’ ही ओळ कायम, आणि तिच्या आधीचं गाऱ्हाणं दरवर्षी नवं. ज्याला तुम्ही हुक म्हणता तो हाच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची भुलाबाईची गाणी घ्या: चार-पाच सुरांतच फिरतात, तरी संपत नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाची ओळख एक खंजिरी, आणि तीही शब्दांच्या मागे. गिटारने तेवढंच करायचं आहे.

आता गिटारची तब्येत. हा विषय नागपूरकरांसाठी कुणी लिहीत नाही. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे ती २० च्याही खाली जाते. फिंगरबोर्ड आकसतो, पडद्यांची टोकं बाहेर येऊन तळव्याला टोचतात, वरची फळी बसते, तारा खाली येऊन खरखरतात. लोक म्हणतात, गिटार खराब निघाली. त्यात आपला कूलर! तो चालू असताना खोली दमट, बंद केला की दोन तासांत ठणठणीत कोरडी. लाकूड रोज फुगतं आणि आकसतं, आणि तडा जातो तो या हेलकाव्याने. कूलरच्या झोतात तर गिटार कधीच नको. तारा गंजतात ते वेगळंच. उपाय दहा-वीस रुपयांचा. साबणाच्या झाकणाच्या डबीला भोकं पाडा, आत स्पंज ओला करून घट्ट पिळून ठेवा, थेंब पडता कामा नये. डबी केसमध्ये, गिटारच्या डोक्याजवळ. केस बंदच ठेवायची आणि दर दोन दिवसांनी स्पंज बघायचा. केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक टाकलात तर अंदाजाने काही करावं लागत नाही. पावसाळ्यात उलटं होतं: फळी फुगते, तारा उंच होतात, बोटं दुखतात. तेव्हा स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या.

बाराव्या पडद्यावर जाड सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिलीखाली दोनच्या आसपास जागा असली की बहुतेकांना पुरते. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबा. त्याने मानेचा बाक बदलतो, बसलेली फळी वर येत नाही, म्हणून आधी आर्द्रता बघा. गाणाऱ्याने तारांचा ०.०११ चा संच (पहिल्या तारेची जाडी, इंचात) घ्यावा, ०.०१२ चा आवाज भरदार, पण दोन तास वाजवून गायचं तर बोटं आधी थकतात. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत गिटार ठेवू नका. बाहेर ४५ अंश असताना आतली हवा सरस मऊ पडण्याइतकी तापते, आणि ब्रिज उचलला गेला की दुरुस्ती परवडत नाही.

कॅफेतला आवाज ही आणखी एक भानगड. मिक्सरवर कुणी नसतो, म्हणून स्वतःच जाऊन चार गोष्टी करा. आवाजाच्या चॅनेलवर ८०-१०० हर्ट्‌झच्या खालचं कापा. गिटार घुमायला लागली तर १०० ते २०० मधलं थोडं कमी करा, किंवा गिटारच्या भोकावर रबरी झाकण लावा. स्पीकर तुमच्या पाठीमागे नको, माइकच्या पुढे, ऐकणाऱ्यांच्या बाजूला हवा. माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर, आणि गाताना मान वळवायची नाही. गिटारच्या आतली नऊ व्होल्टची बॅटरी मरायला आली की आवाज फाटतो आणि लोक केबल बदलत बसतात. एक नवी बॅटरी खिशात असू द्या. चाळीस मिनिटांत आठ-नऊ गाणी होतात. त्यात आपलं गाणं तिसरं ठेवा. शेवटी ठेवलं तर लोक बिल मागत असतात.

पैशांचं थोडक्यात. ऑनलाइन गाणं टाकलं म्हणजे पैसे सुरू, असं नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून आधीच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं) सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. गाणं ऑनलाइन चढवणाऱ्या वितरकाकडून मिळणारा बारा अक्षरी आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा क्रमांक, तो गाण्याच्या हक्काचा पुरावा नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर तुमचा रॉयल्टीचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणाला लिहून देता येत नाही, तेव्हा ‘सगळे हक्क कायमचे’ असा कागद कुणी पुढे केला तर तो घरी घेऊन जा आणि वकिलाला दाखवा. मित्राने बसल्या बसल्या चाल सुचवली असेल, तर शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, हे त्याच रात्री व्हॉट्सॲपवर लिहून टाका आणि त्याचा ‘हो बे’ येईपर्यंत झोपू नका.