रँकिंगवरच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय, सांभाळून घ्या)

सर, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफसाठी (चॅम्पियन ठरवणारी बाद फेरी) टीम निवडायला माणसांची कमिटीच बरी, कॉम्प्युटरला मॅच दिसत नाही, आणि 2023 ला बाहेर ठेवलेली फ्लोरिडा स्टेट पुढे ऑरेंज बोलमध्ये (सीझननंतरची, प्लेऑफबाहेरची मॅच) जॉर्जियाकडून 63-3 ने हरली म्हणजे कमिटीचंच खरं होतं, मी उगाच रडतोय.

कॉम्प्युटरचं मान्य. मागच्या पोस्टमध्ये मी जरा जास्तच कौतुक केलं. बीसीएसच्या जमान्यात (प्लेऑफच्या आधीची पद्धत, पोल आणि कॉम्प्युटर मिळून फायनलच्या दोन टीम ठरवायचे), 2001 ला, नेब्रास्का कोलोराडोकडून 62-36 असा मार खाऊनसुद्धा फायनलला गेली आणि तिथे मायामीने 37-14 धुतलं. सगळं मशीनवर सोडा असं परत म्हणणार नाही.

पण 63-3 चं काय हो, ती मॅच रँकिंग लागल्यावर झाली ना! फ्लोरिडा स्टेटचे कित्येक मेन प्लेअर उतरलेच नाहीत, आणि ती पुरावा म्हणून दाखवायची म्हणजे वरातीमागून घोडं. 2023 ची नावं जाहीर झाली त्या रविवारी दुपारी मी पोह्यांची डिश घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो, चौथं आणि शेवटचं नाव अलाबामा आलं (तेव्हा चारच टीम घ्यायचे) आणि पोहे तसेच गार झाले. 13 पैकी 13 मॅच जिंकलेली, एसीसी या लीगची चॅम्पियन फ्लोरिडा स्टेट पाचवी! कारण काय, तर क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा मेन प्लेअर) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला, आता ती पहिल्यासारखी टीम राहिली नाही. अहो पण तो गेल्यावर पण ते दोन्ही मॅच जिंकले, त्यातली लुईव्हिलविरुद्धची तर तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅक पोराला घेऊन, 16-6. तुम्ही म्हणाल 16 म्हणजे काय स्कोअर आहे, पण समोरच्याला 6 वर रोखलं ते डिफेन्सने, ते फुटबॉलमध्ये धरत नाहीत का?

आणि 2014 आठवा. ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी, तिसरा कार्डेल जोन्स पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळला, विस्कॉन्सिनला 59-0 हरवलं आणि कमिटीने त्यांना उचलून चौथं केलं. टीसीयू (टेक्सासमधली एक टीम) तिसरी होती, त्याच दिवशी 55-3 ने जिंकली आणि गेली सहाव्यावर. जिंकून खाली! म्हणजे तिसरा क्वार्टरबॅक एकाला चालतो, दुसऱ्याला नाही, नियम कुठलाय ते तरी सांगा.

आता प्लेऑफमध्ये 12 टीम झाल्यात तरी भांडण तेच, फक्त दहाव्या-अकराव्यावर सरकलंय. 2025 ला मायामीने नोटर डेमला सीझनच्या सुरुवातीलाच 27-24 हरवलं होतं, तरी कमिटी आठवडेच्या आठवडे नोटर डेमला वर ठेवत राहिली, आणि शेवटच्या रविवारी, दोघांची मॅचच नसताना, क्रम उलटवला. मायामी वर यायलाच हवी होती, पण मग ती मॅच इतके दिवस कुठे ठेवली होती?

तुम्ही आयपीएलच्या पॉइंट्स टेबलचं उदाहरण दिलंत, पण इथे 130 च्या वर टीम आणि प्रत्येकीच्या 12च मॅच, बहुतेक एकमेकींशी खेळतच नाहीत, त्यामुळे माणसं लागणारच. मी फक्त एवढंच म्हणतोय की मैदानात काय झालं ते बघा, पुढे काय होईल त्याचं भविष्य सांगू नका, आणि दोघं आमनेसामने खेळले असतील तर ते आधी धरा, शेवटच्या रविवारी नाही.

आणि रडण्याचं म्हणाल तर मी ओहायो स्टेटवाला आहे, 2014 ला तो कप आम्हीच नेला. ऑफिसमधला टीसीयूवाला अजून लंचला 55-3 काढतो, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.