इंग्लंडच्या गादीवरचा कारकून

'मिडीव्हल टू: टोटल वॉर' हा गेम ज्यांनी फक्त यूट्यूबवर पाहिलाय, त्यांची ठाम समजूत असते की हा लढायांचा खेळ आहे. भाले सरसावून घोडदळ उतारावरून सुटलंय, तटाला शिड्या लागल्यात, मागे नगारे वाजतायत. असतं, तेही असतं. पण अधूनमधून. उरलेला सगळा वेळ इंग्लंडचा राजा रस्ते बांधतो, कर ठरवतो, पोरींची लग्नं जुळवतो, व्यापाऱ्यांच्या फेऱ्या लावतो आणि पोपच्या नोटिशी वाचतो. यातलं काही नावात घातलं असतं तर गेम खपला नसता, हे मला मान्य आहे.

गेम २००६ सालचा. पण माणसं त्याला सोडत नाहीत. २०२२ मध्ये तर तो फोनवरही आला, म्हणजे आता लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवूनही पॅरिसला वेढा घालता येतो. मी मात्र घरीच, टेबलाशी बसून, इंग्लंड घेऊन खेळतो. सुरुवात होते इसवी सन १०८० ला. इंग्लंड मिळवून देणारी हेस्टिंग्जची लढाई मारून चौदा वर्षं झालीत, विल्यम राजा गादीवर आहे आणि ताब्यात काय, तर लंडन, नॉटिंगहॅम आणि समुद्रापलीकडे नॉर्मंडीतलं काँ. यॉर्कसुद्धा आपलं नाही. एवढ्या भांडवलावर १५३० पर्यंत ४५ प्रांत जिंकायचे, त्यांत जेरुसलेम हवंच. टर्न, म्हणजे आपल्या चाली, एकूण २२५. म्हणजे एका टर्नला दोन वर्षं.

इथेच पहिली मेख आहे. पंचांग दोन वर्षांनी पुढे सरकतं, पण माणसांचं वय टर्नला सहाच महिन्यांनी वाढतं. खरा विल्यम १०८७ मध्ये गेला. माझा विल्यम ११३० उजाडलं तरी लंडनला ठाण मांडून होता. पंचांगाने शंभरी पार, चेहऱ्याने पासष्टीच्या आतबाहेर. त्याचा मुलगा रुफस अजून युवराजच. इतिहासात हा रुफस बापामागून राजा झाला आणि ११०० साली न्यू फॉरेस्टमध्ये शिकारीला गेला असताना बाण लागून मेला. माझ्याकडे त्याला ना राज्य मिळालं, ना बाण. शेवटी मी त्याला यॉर्क घ्यायला पाठवून दिलं. घरात बसून म्हाताऱ्याचं तोंड बघत राहण्यापेक्षा बरं.

लंडनहून यॉर्क सुमारे तीनशे किलोमीटर. आळंदीहून पालखी निघते ती वाटेत मुक्काम, कीर्तनं, रिंगणं सगळं करत, पायी, तीन आठवड्यांच्या आत पंढरपूरला पोचते. माझे सरदार घोड्यावर बसून, एकही अभंग न म्हणता, यॉर्कला जायला चार वर्षं घेतात. पूर नाही, शत्रू नाही. रस्ता कच्चा आहे, एवढंच. मग रस्ता बांधायला काढावा लागतो, आणि तिथून राजाची कारकुनी सुरू होते.

नवा टर्न लागला की स्क्रीनच्या डाव्या कडेने निरोपांच्या गुंडाळ्या टपाटपा खाली येतात. अमुक गावात बाजार बांधून झाला. तमुक सरदाराला मुलगा झाला. डब्लिनच्या सुभेदाराला दारूची चटक लागली. शहरात रिकामा बसवलेला सरदार बिघडतो, हा या गेमचा पक्का नियम आहे. कोणाला दारू, कोणाला जुगार, कोणाला बाईचा नाद. बाहेर काढून लढाईला धाडावा, तर मागे शहर बिथरतं. प्रत्येक शहराच्या नावाशेजारी एक इवलासा चेहरा असतो. हिरवा म्हणजे प्रजा खूश, लाल म्हणजे दंगल. कर कमी केला की चेहरा हिरवा होतो आणि खजिना रिकामा. कर वाढवला की खजिना भरतो आणि दंगलीत बाजार मोडतो, तो दुरुस्त करायला भरलेला खजिना लागतो.

त्यातच सरदारांची परिषद कामं सुचवते. सुचवते म्हणजे हुकूमच. ज्या देशाशी मी गेल्याच टर्नला व्यापाराचा करार केला, नेमकं त्याचंच बंदर अडवा, असा यांचा सल्ला. बक्षीस काय, तर भालाईतांची एक तुकडी. तिचा पगार मीच द्यायचा.

व्यापारी हे तर वेगळंच प्रकरण आहे. त्याला लोकरीच्या किंवा कथलाच्या चिन्हावर नेऊन उभं करायचं. तो तिथे उभा राहतो. एवढाच त्याचा धंदा. इंग्लंडातल्या लोकरीवर उभा राहिलेला माझा व्यापारी टर्नला आठ-नऊ फ्लोरिन (हे गेममधलं नाणं) आणायचा, म्हणजे दोन वर्षांत आठ-नऊ. एवढ्यात त्याचं स्वतःचं जेवण कसं सुटत होतं देव जाणे. जाणकार सांगतात की खरा पैसा टिंबक्टूला, तिथे सोनं आणि हस्तिदंत आहे. म्हणून त्याला जहाजात घातला, स्पेनला वळसा दिला, आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली नेला, मग वाळवंटातून चालवला. एक पिढी सरली. पोचला. सोन्याच्या चिन्हावर उभा राहिला आणि पुढच्याच टर्नला कोणा व्हेनिसवाल्याने त्याचा धंदा गिळंकृत केल्याची गुंडाळी आली. व्हेनिसवाला तिथे कधीपासून बसला होता, काय खात होता, याचा गुंडाळीत उल्लेख नाही.

अर्थात यात गेम बनवणाऱ्यांची चूक काढता येत नाही. खऱ्या विल्यमनेही हेच केलं. १०८५ च्या नाताळात त्याने ग्लॉस्टरला दरबार भरवला आणि तिथून राज्यभर मोजणीची माणसं सोडली. कोणाकडे जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, माशांची तळी किती. एकही बैल, एकही गाय, एकही डुक्कर सुटलं नाही, हे सांगायचीही लाज वाटते पण त्याला करताना वाटली नाही, असा त्या काळच्या इतिवृत्तकाराने त्रागा करून ठेवलाय. तेरा हजारांवर ठिकाणं त्या मोजणीत आली. तेच ते 'डूम्सडे बुक'. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपून ठेवलंय. हेस्टिंग्जची लढाई एका दिवसात निकालात निघाली होती, डुकरं मोजायला वर्षभर लागलं. राज्य करण्यातलं हे प्रमाण गेममध्ये तंतोतंत उतरलंय.

टर्न संपवला की बाकीचे सगळे देश आपापली चाल खेळतात. फ्रान्स, डेन्मार्क, हंगेरी, इजिप्त, वीसेक देशांच्या ढाली कोपऱ्यात एकामागून एक झळकतात आणि आपण बसून राहायचं. आमच्या घरात या मध्यंतराची कल्पना सगळ्यांना आहे. "डेन्मार्कपर्यंत आलास ना? मग उठ आणि गॅस बंद कर," असं बायको आतून सांगते. तिला डेन्मार्कशी काही देणंघेणं नाही, पण कोणत्या ढालीला कुकरची किती शिट्टी होते याचा तिचा अंदाज चुकत नाही.

अशातच सांगलीची आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आली. डॉक्टरांनी टीव्ही बघायचा नाही म्हणून बजावलं होतं. "हा टीव्ही नाहीये ना?" असं विचारून काळा चष्मा लावून ती माझ्या मागच्या खुर्चीत बसली आणि उठायचं नाव घेईना. लढाया तिला आवडल्या नाहीत. "एकसारखीच माणसं आहेत सगळी," म्हणाली. पण राजकन्या मॅटिल्डा नकाशावर आली आणि आत्या खुर्ची पुढे ओढून बसली.

"ही कोण?"

"राजाची नात. फ्रान्सकडे बोलणी करायला चाललीय."

"कसली बोलणी?"

"तिच्याच लग्नाची."

"स्वतः चाललीय? बरोबर मोठं कोणी नाही?"

नव्हतं. या गेममध्ये राजकन्येला वकिलासारखं एकटं हिंडवता येतं, हे आत्याला पटवायला वेळ लागला. पण बोलणीचा पडदा उघडला आणि तिचा आवाजच बदलला. डावीकडे आपण काय देणार, उजवीकडे ते काय देणार, आणि मध्ये प्रस्ताव त्यांना उदार वाटतोय की हावरट, हे सांगणारा एक शब्द. चाळीस वर्षं भावकीतल्या बैठकी पाहिलेल्या बाईला यात शिकवायला काही नव्हतं.

"मुलाचं वय काय?"

"एकवीस. फ्रान्सचा युवराज आहे."

"व्यसन?"

मी गुणांच्या यादीवर माऊस नेला. व्यसन नव्हतं, पण माणूस कंजूष होता. "कंजूष चालेल," आत्या म्हणाली. मग मी युतीचा प्रस्ताव ठेवला. फ्रान्सने उलट मागणी टाकली: युती करू, वर रोख रक्कम आणि आमचा काँचा किल्ला.

आत्याने चष्मा वर केला. डॉक्टरांनी तेही करायचं नाही म्हणून सांगितलं होतं. "किल्ला? मुलगी देतोय ना आपण? उठ तिथून."

उठलो. दुसऱ्या फेरीत आत्याने सांगितलं तसं केलं. आधी नुसता जगाचा नकाशा देऊ केला, मग थोडी रक्कम, किल्ल्याचं नाव काढलं नाही. फ्रान्स कबूल झाला. लग्नाची गुंडाळी आली, युतीची आली. आत्याने बायकोला आत सांगितलं, "काही गोड कर आज."

पुढच्या टर्नला फ्रान्सने काँला वेढा घातला.

हे असंच होतं. या गेममध्ये युती म्हणजे हल्ला कुठून येणार याची आगाऊ सूचना. आमचं तेवढ्यावर भागलं नाही, त्याच टर्नला इटलीतल्या मिलानच्या एका जहाजाने लंडनचं बंदर अडवलं. मिलान कुठे, लंडन कुठे! पण मिडीव्हल टू खेळणाऱ्या कोणालाही विचारा, तो आधी विचारेल, "मिलान ना?" मिलानने दगा दिला नाही अशी मोहीम मी अजून ऐकलेली नाही.

काँच्या मदतीला रुफस निघाला. आता मराठी माणूस म्हटल्यावर समोरासमोर कशाला भिडायचं? गेममध्ये फौज रानात उभी केली तर ती शत्रूला दिसत नाही, आणि तो जवळून गेला की अचानक झडप घालता येते. फ्रान्सची कुमक पॅरिसहून येणार, वाटेत दाट झाडी. जागा हेरली, रुफसला दडवला, श्वास रोखून टर्न संपवला. दोन वर्षं रुफस झाडीत. आणखी दोन वर्षं. फ्रेंच फौज मोकळ्या मैदानातून, झाडांना हात न लावता निघून गेली. गनिमी काव्याला सह्याद्रीची खिंड लागते, नॉर्मंडीत शत्रूला दुसरीकडून जायला फार जागा आहे. शेवटी त्यांच्या मागोमाग धावत जाऊन काँच्या तटाखालीच लढावं लागलं. जिंकलो. गेमचं नाव सार्थ करणारी ती एवढीच अर्ध्या तासाची लढाई.

आणि जिंकल्यावर पोपची नोटीस आली. मला. फ्रान्स हे कॅथलिक राष्ट्र आहे, त्यांच्याशी चाललेलं वैर ताबडतोब थांबवा, नाहीतर तुम्हाला धर्माबाहेर काढू.

"किल्ला कोणाचा होता?" आत्याने विचारलं.

"आपला."

"वेढा कोणी घातला?"

"त्यांनी."

"मग याला कोणी चुकीचं सांगितलंय."

चुकीचं वगैरे कोणी सांगितलेलं नव्हतं, पोप असाच असतो. त्याची मर्जी किती आहे हे क्रुसांच्या रांगेत दिसतं, आणि माझ्या रांगेत क्रूस अगदी मोजके उरले होते. धर्माबाहेर गेलं की आपली प्रजा बिथरते आणि शेजारी आपल्याच शहरावर क्रुसेड, म्हणजे धर्मयुद्ध, आणू शकतात. यात गंमत म्हणजे गेम जिथून सुरू होतो त्याच साली, १०८० मध्ये, खऱ्या पोप ग्रेगरी सातव्याने जर्मनीच्या हेन्री चौथ्याला दुसऱ्यांदा धर्माबाहेर काढलं होतं. पहिल्या वेळी, १०७७ च्या जानेवारीत, हाच हेन्री माफीसाठी कनोसाच्या किल्ल्याबाहेर थंडीत तीन दिवस अनवाणी उभा राहिला होता. माझ्याकडे अनवाणी उभं राहायचं बटण नाही. पैसे द्यायचं आहे.

पण पैसे देण्यापेक्षा पक्का उपाय मी आधीच लावून ठेवला होता. नॉटिंगहॅमला तयार झालेला एक साधा पाद्री मी वर्षानुवर्षं पाखंड्यांच्या मागे पळवला. पाखंडी सापडला की याची पुण्याई वाढायची, आणि ती पुरेशी झाली तेव्हा तो कार्डिनल झाला, म्हणजे ज्यांच्यातून पोप निवडतात त्यांच्यातला एक. त्याच सुमारास म्हातारा पोप वारला. निवडणूक लागली. उमेदवारांच्या यादीत आमचा माणूस! मी त्याला मत दिलं, डेन्मार्कने दिलं (का दिलं ते माहीत नाही, विचारलंही नाही), आणि तो निवडून आला. खऱ्या इतिहासात आजवर एकच इंग्रज पोप झाला, ११५४ मध्ये, एड्रियन चौथा. माझा त्याच्या बराच आधी झाला. आत्याने टाळ्या वाजवल्या. बायकोसुद्धा पोळी हातात घेऊन बाहेर येऊन बघून गेली.

फ्रान्सची कटकट एकदाची मिटवावी म्हणून मी रुफसला रेन शहराकडे वळवला. काँची लढाई होऊन एवढी वर्षं झाली, पोपच्या गादीवर आता घरचा माणूस, कोण काय बोलणार! टर्न संपवला. डेन्मार्क, हंगेरी, इजिप्त, सगळ्या ढाली झळकून गेल्या. डावीकडून गुंडाळी उतरली. त्याच मजकुराची, त्याच धमकीची, शब्दही न बदललेली.

"सही कोणाची आहे बघ," आत्या म्हणाली.

"आपल्याच माणसाची."

"मग किती हवेत ते विचार."

हजार फ्लोरिन पाठवले, वर जगाचा नकाशा. रुफस अजून रेनच्या वाटेवरच आहे, दीड टर्नचा रस्ता बाकी.