हिरोहितोंचा वाढदिवस, सीडरची जंगलं आणि ४ मे : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट दोनदा नीट वाचली आणि खाली चार ओळी खरडून मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो, मी मागे जपानच्या 'मिदोरी नो हि'बद्दल, म्हणजे ४ मेच्या हरित दिनाच्या सुट्टीबद्दल बरंच कौतुकाने लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की हा कसला निसर्गाचा दिवस, हा तर सम्राट हिरोहितोंचा वाढदिवस, त्यांच्यामागे सुट्टी टिकवायची म्हणून त्याला हिरवा रंग फासला. शिवाय ज्या देशाने डोंगरच्या डोंगर सीडर या एकाच जातीच्या झाडांनी भरून टाकले त्याने निसर्गाचे आभार मानणं म्हणजे ढोंग आहे, आणि आपल्याकडे देवराया आणि वटपौर्णिमा कुठल्याही सरकारी कायद्याशिवाय चालत आल्यात तर जपानकडून आपण काय शिकायचं.

वाढदिवसापासून सुरू करू. हिरोहितो जन्मले २९ एप्रिल १९०१ ला, गेले ७ जानेवारी १९८९ ला. ते असेपर्यंत २९ एप्रिल ही सम्राटांच्या वाढदिवसाची सुट्टी होती. ते गेल्यावर ती सुट्टी त्यांचा मुलगा आणि नवे सम्राट अकिहितो यांच्या वाढदिवसाला म्हणजे २३ डिसेंबरला जाणार आणि एप्रिलअखेरची सुट्टी रद्द होणार, आणि तिथूनच तर जपान्यांचा गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्यांचा आठवडा, सुरू होतो, म्हणून त्याच वर्षी कायदा बदलून २९ एप्रिलला 'मिदोरी नो हि' नाव दिलं. इथपर्यंत तुमचं बरोबरच आहे आणि यात लपवण्यासारखं काही नाही, जपानमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं.

पण तुम्ही १९८९ लाच थांबलात आणि खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. हिरोहितोंच्या काळाची आठवण उघडपणे ठेवायची असं वाटणारे बरेच लोक होते, त्यांनी २९ एप्रिलला 'शोवा दिन' (शोवा हे हिरोहितोंच्या कारकिर्दीचं नाव) करा म्हणून लावून धरलं, विधेयक दोनदा बारगळलं आणि शेवटी २००५ मध्ये मंजूर होऊन २००७ पासून लागू झालं. म्हणजे ज्यांना सम्राटांचा दिवस हवा होता त्यांना तो स्वतःच्या नावानिशी परत मिळाला. आता हिरवा दिवस नुसता मुखवटाच असता तर चेहरा उघडा झाल्यावर तो फेकून द्यायला हवा होता की नाही? तो फेकला नाही, ४ मेला हलवला. तुम्ही म्हणाल ४ मेला तशीही सुट्टीच होती, ३ मे संविधान दिन आणि ५ मे बालदिन यांच्यामधला दिवस म्हणून, त्यामुळे कुणाच्या खिशातून काही गेलं नाही. मान्य. पण मग त्या बिननावाच्या सुट्टीला बिननावाचीच ठेवता आली असती. तसं न करता कायद्यातलं वाक्य जसंच्या तसं ४ मेला दिलं, की निसर्गाशी जवळीक साधावी, त्याने जे दिलं त्याबद्दल कृतज्ञ राहावं आणि मन समृद्ध करावं. हे वाक्य आता कुठल्याच राजाच्या तारखेला बांधलेलं नाही.

आणि सुट्टीचा उगम राजवाड्यात आहे म्हणून ती बाद करायची तर जपानच्या कॅलेंडरमध्ये फारच थोडं उरेल. ३ नोव्हेंबरचा संस्कृती दिन ही मेइजी सम्राटांच्या वाढदिवसाची तारीख. २३ नोव्हेंबरचा श्रमिक कृतज्ञता दिन म्हणजे राजघराण्याच्या नव्या भाताच्या विधीचा दिवस. मार्चमधला वसंत संपाताचा दिवस, ज्याच्याबद्दल १९४८ च्या कायद्यात 'निसर्गाची स्तुती करावी, सजीवांवर माया करावी' असं लिहिलंय, तो युद्धाआधी राजघराण्याच्या पूर्वजांच्या पूजेचा दिवस होता. युद्ध हरलेल्या देशाने जुन्या तारखा घेऊन त्यांत नवा अर्थ भरला, आणि मला त्यात खोटेपणापेक्षा शहाणपणा जास्त दिसतो. हिरोहितोंच्या नावावर जे युद्ध लढलं गेलं, त्यात चीनपासून फिलिपिन्सपर्यंत माणसांवर जे गुदरलं, ते मी विसरलेलो नाही आणि त्यांचा गौरव करायला ही पोस्ट लिहीत नाहीये. म्हणूनच मला तो दिवस त्यांच्या वाढदिवसापासून सुटला हे बरं वाटतं.

बरं, हिरवाच का, तर त्यालाही कारण आहे. हिरोहितो समुद्रातल्या हायड्रोझोआ नावाच्या बारक्या जीवांचे अभ्यासक होते, राजवाड्यात त्यांची प्रयोगशाळा होती, आणि १९५० पासून दरवर्षी वेगवेगळ्या प्रांतांत राष्ट्रीय वृक्षारोपण सोहळा होतो त्याला सम्राट स्वतः जाऊन झाड लावतात, ती प्रथा आजही चालू आहे.

आता सीडरकडे येतो, कारण तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. जपानचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग जंगल आहे, पण त्या जंगलातलं सुमारे ४० टक्के माणसाने लावलेलं आहे, मुख्यतः सुगी म्हणजे जपानी सीडर आणि हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस. युद्धात आणि युद्धानंतर लाकडासाठी डोंगर बोडके झाले, पूर आणि दरडींनी माणसं मेली, घरं बांधायला लाकूड हवं होतं, आणि लाकडी कोळशाच्या भट्ट्या बंद पडत चालल्यामुळे त्यांना लाकूड पुरवणारी ओकची जुनी रानं निरुपयोगी वाटायला लागली, म्हणून ती तोडून भराभर सुगी लावली. मग १९६४ मध्ये लाकडाची आयात खुली झाली, बाहेरचं लाकूड स्वस्त पडायला लागलं, आणि ज्या झाडांची विरळणी वेळच्या वेळी करायला हवी होती ती करायला ना पैसा उरला ना माणसं. लाकडाच्या गरजेतला देशी वाटा २००२ च्या सुमारास २० टक्क्यांच्याही खाली गेला होता, आता तो परत ४० च्या आसपास आलाय. दरम्यान ती झाडं वयात आली आणि दर फेब्रुवारी-मार्चमध्ये परागकण सोडायला लागली, आणि त्यांच्या ॲलर्जीने निम्मं ऑफिस मास्क लावून, डोळे चोळत बसलेलं असतं. माझेही डोळे चुरचुरतात, तेव्हा हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

तोक्योच्या पश्चिमेला ओकुतामाच्या बाजूला चढायला गेलं की हे डोळ्यांनी दिसतं. पायवाट सुगीच्या लागवडीत शिरली की एकदम अंधारून येतं, सगळे बुंधे एकाच वयाचे, काठीसारखे सरळ, खाली तपकिरी काटक्यांचा थर आणि त्याखाली नुसती माती, एक झुडूप नाही, पाखराचा आवाज नाही. मध्येच विरळणी करून पाडलेले ओंडके तसेच आडवे पडून कुजत असतात कारण ते खाली आणायचा खर्च लाकडाच्या किमतीपेक्षा जास्त. आणि मग एखादं वळण घेतलं की कोनारा ओकचं जुनं रान लागतं, पानांतून ऊन खाली येतं, बांबूचं गवत, नेचे, किडे, कुठेतरी पाणी वाजत असतं. दोन्ही हिरवंच. दुरून ट्रेनच्या खिडकीतून बघितलं तर फरक कळणार पण नाही.

तुम्ही म्हणता सीडर लावणाऱ्यांनी हरित दिन पाळणं हे ढोंग. मला नेमकं उलट वाटतं, सीडर लावले म्हणूनच त्यांना असा दिवस हवा. झाडं कमी लावली ही जपानची चूक नव्हती, कोट्यवधी लावली आणि उत्साहाने लावली, पण कुठलं झाड, कशाच्या जागी आणि पुढे त्याला कोण बघणार हे विचारलं नाही. हे प्रश्न विचारायला माणसाला निसर्ग जवळून ओळखता यावा लागतो, आणि कायद्यात झाडं लावा असं म्हटलेलंच नाही, जवळीक साधा असं म्हटलंय. २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की १० वर्षांत सुगीचं लागवड क्षेत्र २० टक्क्यांनी कमी करायचं आणि जिथे परत सुगीच लावायची तिथे कमी परागकणांच्या जाती लावायच्या. फार उशीर झाला हे खरंच, पण आपणच लावलेलं जंगल चुकलं असं मानून ते बदलायला घेणारं सरकार मला आवडतं.

४ मेला प्रत्यक्ष काय होतं ते तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण 'नुसती टुरिझमची सुट्टी' असं तुम्ही लिहिलंय. शिंजुकु ग्योएनसारख्या बागा, तोक्यो महानगराची बरीच उद्यानं, उएनोचं प्राणिसंग्रहालय त्या दिवशी फुकट असतं. शिंजुकु ग्योएनमध्ये ट्यूलिप ट्री नावाची अवाढव्य जुनी झाडं आहेत, ती नेमकी त्याच सुमारास फुलतात, पण फुलं इतकी उंचावर असतात की खालून पोपटी पानांत पोपटी फूल दिसतच नाही. एकदा तिथे एक आजोबा खाली गळलेलं फूल तळहातावर घेऊन लहान मुलांना दाखवत होते, पाकळीच्या तळाशी नारिंगी पट्टा असतो तो, आणि मग मुलं मान मागे टाकून वर शोधायला लागली आणि एकदा एक दिसलं की सगळीच दिसायला लागली. गर्दी होती, डबे होते, रडणारी पोरं होती, सगळं होतं. पण त्या मुलांना ते झाड आता कळलं.

देवराईचं म्हणाल तर तिथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. जपानमध्येही प्रत्येक गावच्या देवस्थानाला राखलेलं रान असायचं, कुणी फांदी तोडायचं नाही, कायद्याची गरज नव्हती, अगदी आपल्यासारखंच. मग १९०६ पासून सरकारने छोटी देवस्थानं मोठ्यांत विलीन करायचा सपाटा लावला, काही वर्षांत सुमारे ७० हजार देवस्थानं गेली आणि त्यांची बरीच रानं लाकूड म्हणून विकली गेली. याविरुद्ध वाकायामाचे मिनाकाता कुमागुसु उभे राहिले, बुरशीसारख्या दिसणाऱ्या स्लाइम मोल्डचे मोठे अभ्यासक, पत्रं लिहिली, पेपरात लिहिलं, १९१० मध्ये एका सभेत घुसले म्हणून १८ दिवस कोठडीत काढले. १९२९ च्या जूनमध्ये हिरोहितो तिकडे गेले तेव्हा त्यांना जीवशास्त्राची माहिती द्यायला बोलावलं ते याच मिनाकातांना, आणि त्यांनी सम्राटांना स्लाइम मोल्डचे ११० नमुने भेट दिले ते कॅरॅमलच्या मोठ्या खोक्यांमध्ये घालून. तानाबेच्या खाडीतलं काशिमा बेट, ज्याचं रान वाचावं म्हणून ते झगडले, ते १९३५ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित झालं.

हे एवढं सांगायचं कारण, नुसत्या श्रद्धेवर राखलेलं रान एका सरकारी हुकमाने जाऊ शकतं. आपल्याकडेही देवराईतलं जुनं देऊळ पाडून सिमेंटचं मोठं बांधायचं ठरलं की पहिल्यांदा कुठली झाडं जातात ते कोकणात राहून तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. श्रद्धा हवीच, पण तिच्या जोडीला कायदा, अभ्यास आणि भांडणारा माणूसही हवा. देवराई की सरकारी सुट्टी असा प्रश्न मला तरी पडत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग काय महाराष्ट्रात अशी सुट्टी हवी का. हो, मला हवी आहे. आपल्याकडे वनमहोत्सव आहेच, कन्हैयालाल मुन्शींनी तो १९५० मध्ये सुरू केला, म्हणजे जपानच्या वृक्षारोपण सोहळ्याच्याच वर्षी, आणि आपणही पुण्याच्या टेकड्यांवर झटपट हिरवं दिसावं म्हणून ग्लिरिसिडिया हे बाहेरचं झाड लावून बसलोय, ज्याच्याखाली आपलं देशी गवत आणि झुडपं नीट वाढत नाहीत. तेव्हा माझी एक अट आहे. त्या दिवशी नवी रोपं लावून फोटो काढायचे नाहीत. वनखात्याने प्रत्येक तालुक्यात येऊन लोकांसमोर सांगायचं की गेल्या १० वर्षांत इथे कुठली झाडं लावली, त्यातली किती जगली आणि त्याआधी त्या जागेवर काय होतं.