पोरांकडे शब्दच नाहीत

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. यंदा आठवीच्या वर्गात बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. म्हटलं, वयात येण्याबद्दल काहीही विचारा, नाव लिहू नका. आठवड्यानं उघडला तर 19 चिठ्ठ्या. एकीवर कोकणी, मराठी, इंग्रजी मिसळून, पेन्सिलीनं: रात्री चड्डी ओली होते, हा रोग आहे का, मी मरणार का? ‘मरणार’ खोडून पुन्हा लिहिलेलं.

किती महिने हे पोटात ठेवलं असेल त्यानं! झोपेत वीर्य बाहेर येणं हा रोग नाही, वयात येताना होतं, त्यानं अशक्तपणा येत नाही. एवढंच सांगायचं होतं. ते कुणी सांगत नाही, म्हणून पोरं ‘गुप्तरोग’वाल्या भोंदूंच्या हाती लागतात.

आपली मुलं घरी कोकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पुढे हा धडा येतो इंग्रजीत. प्युबर्टी, हॉर्मोन्स पाठ होतात, मार्कही पडतात. पण शिश्न, योनी हे शब्द त्यांना परके, आणि बाकी कानावर पडतात त्या शिव्या. ज्या मुलीला अवयवाचं नाव ‘तिथं’ एवढंच ठाऊक, तिला कुणी हात लावला तर ती सांगणार कशी? गोव्याचा बाल कायदा 2003 चा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा देशाचा पोक्सो कायदा 2012 चा. पण पोर बोललंच नाही तर कायद्याला कळणार कुठून?

एक पालक म्हणाले, “टीचर, नको त्या वयात नको ते कळेल.” त्यांची भीती खरी आहे. पण युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा आहे: अशा शिक्षणानं मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत. उलट नुसतं ‘लग्नापर्यंत थांबा’ सांगणारे कार्यक्रम फोल ठरले. थांबा असं मीही सांगते, पण शरीर समजावून मग.

शेजारी महाराष्ट्रात 2007 साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. तिथंच र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले सोसले आणि हे सगळं स्वच्छ मराठीत लिहिता येतं हे दाखवलं.

परवा पालकसभेनंतर एक आई थांबली. धाकटी चार वर्षांची. “आंघोळ घालताना नाक, कान सांगते, तसं हेही सांगायचं ना? मला तोंडानं म्हणवत नाही टीचर, कागदावर लिहून द्या.”

लिहून दिलं. तिनं तिथंच उभं राहून दोनदा हळू वाचलं.